सातवर नाव चढलं, आता बाराचं काय?

श्रावणातली गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला एका गावात आमची गुरुवारची घरसभा होती. बाहेर झड लागलेली. टिनावर पावसाचा एवढा आवाज की वचन वाचणाऱ्याला ओरडून वाचावं लागत होतं. प्रार्थना झाली, चहा झाला, आणि उठता उठता एका मावशीनं विचारलं, "भाऊ, माह्यं तारण तं झालं न? बाप्तिस्मा घेऊन तीन वर्सं झाले. मंग आता राह्यलं काय?"

मावशी कंटाळून विचारत नव्हती, तिला खरंच कळून घ्यायचं होतं. तारण म्हणजे पापातून सुटका. ती येशूनं वधस्तंभावर पुरी केली असेल, तर टिकून राहा, धीर धरा, मागे फिरू नका असं दर रविवारी का सांगतात? आणि टिकून राहण्यावरच सगळं अवलंबून असेल, तर मग त्यानं पुरं काय केलं? हा प्रश्न मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, पुष्कळ जणांच्या पोटात असतो. पाळकाला विचारायची भीती वाटते, म्हणून तो पोटातच राहतो.

घरधन्याची पीक विम्याची कागदं खाटेवर प्लास्टिकच्या पिशवीत होती. त्यातला सातबारा मी काढला आणि मावशीसमोर धरला.

सातबारा म्हणजे एकत्र छापलेले दोन नमुने. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे ते असतं. गाव नमुना बारामध्ये त्या जमिनीत कोणत्या हंगामात काय पेरलं ते. सातवर नाव कसं चढतं? समजा एखाद्यानं तुम्हाला बक्षीसपत्र करून जमीन दिली. तुम्ही एक रुपया मोजला नाही, पण फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, झाला आणि नाव चढलं. ते नाव चांगलं पीक काढलं म्हणून चढलेलं नाही, देणाऱ्यानं दिलं म्हणून चढलं. बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रातल्या दुसऱ्या अध्यायाची आठवी-नववी ओवी हेच सांगते: तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे, कोणाच्या कर्माचं फळ नाही. कोणाला छाती फुगवायला जागाच नाही.

पण आपण तिथंच पान मिटतो. लगेच पुढची दहावी ओवी म्हणते की आपण चांगल्या कामांसाठी निर्माण झालो आहोत, आणि ती कामं देवानं आधीच योजून ठेवली आहेत. आठ-नऊ म्हणजे सात. दहा म्हणजे बारा. एकाच कागदावर दोन्ही.

सातवरचं नाव एकदा चढतं. बाराचा पेरा मात्र दर हंगामाला नोंदवावा लागतो. आता तर 2021 पासून ई-पीक पाहणी आली. मोबाइल घेऊन स्वतः वावरात उभं राहावं लागतं आणि पिकाचा फोटो काढावा लागतो. मागच्या सालचा फोटो चालत नाही. "तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला" ही सातवरची नोंद आहे आणि ती खरी आहे. यंदाच्या खरिपात काय पेरलं, हा वेगळा प्रश्न. शेत बारावर पडीक दिसलं म्हणून सातवरचं नाव त्याच दिवशी खोडलं जात नाही. पण वावर मिळालं आणि ते वर्षानुवर्षं पडीक ठेवलं, तर देणाऱ्याच्या मनात जे होतं ते आपल्याला कळलंच नाही.

पवित्र शास्त्र तारणाबद्दल तीन काळांत बोलतं. ही पत्रं लिहिणारा प्रेषित पौल इफिसकरांना म्हणतो, तुमचं तारण झालेलं आहे. करिंथकरांना पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात म्हणतो, ज्यांचं तारण होत आहे ते आपण. आणि रोमकरांना पाचव्या अध्यायात म्हणतो, आपण तारले जाऊ. झालं, होत आहे, होणार. पापाच्या दंडातून सुटका झाली, पापाच्या सवयीतून सुटका होत आहे, आणि एक दिवस पाप उरणारच नाही. यातल्या मधल्या भागाला आपल्या मंडळ्यांत पवित्रीकरण म्हणतात. शब्द जड आहे, काम रोजचं आहे. मावशीचा प्रश्न या मधल्या भागाचाच होता.

पेरणी आणि वेचणी यांच्या मधल्या महिन्यांत शेतकरी काय करतो? डवरतो, निंदतो, खत देतो, फवारतो, राखण करतो. यातल्या एकाही कामानं बीतून अंकुर निघत नाही. तो निघायचा तेव्हा निघाला. पण यातलं एकही काम न करता कापूस घरी आलेला मी पाहिलेला नाही.

फिलिप्पैकरांच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या बाराव्या ओवीत, पौल सांगतो की भीत आणि कापत आपलं तारण साधून घ्या. ही ओवी ऐकून कितीतरी विश्वासणारे घाबरतात. त्यांना वाटतं, म्हणजे अजून कमवायचं बाकी आहे. पण "कमवा" असं तो म्हणत नाही. जे तुमच्याजवळ आहे ते तडीस न्या, असा त्या ग्रीक शब्दाचा रोख आहे. मला विचाराल तर आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: कसा. मिळालेली जमीन कसतात, तसं मिळालेलं तारण कसायचं. आणि पुढच्याच ओवीत तो सांगतो की तुमच्यात इच्छा निर्माण करणारा आणि ती कृतीत उतरवणारा देवच आहे. देव करतो म्हणून तू बसून राहा, असं तिथं नाही. देव आत काम करतो आहे, म्हणूनच तुझ्या हाताला बळ आहे, तर ऊठ. शेतकऱ्याला हे समजवावं लागत नाही. पाऊस त्याच्या हातात नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि तरी पहाटे बैल जुंपतो तो तोच.

आता "धीर" या शब्दाकडे येतो, कारण इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहे. नव्या करारात यासाठी ग्रीक शब्द आहे हुपोमोने. त्याचे दोन भाग: "खाली" आणि "राहणे". ओझ्याखालून न निसटता तिथंच राहणं. गप्प बसून सोसणं एवढाच त्याचा अर्थ नाही. लूकच्या आठव्या अध्यायात पेरणाऱ्याचा दाखला आहे. त्याच्या शेवटी, पंधराव्या ओवीत, चांगल्या जमिनीबद्दल येशू म्हणतो की ते लोक वचन ऐकून धरून ठेवतात आणि धीरानं फळ देतात. तिथं हाच शब्द आहे. म्हणजे धीर सोसण्यासाठी आहे तसाच पिकण्यासाठीही आहे.

त्याच दाखल्यात खडकाळ जमीनही आहे. आपण तिला बरड म्हणतो. बरडावर बी आधी उगवतं, हे मत्तय आणि मार्क दोघंही लिहितात: माती खोल नव्हती म्हणून ते लगेच उगवलं. बरड लवकर तापते, वरचं ओलं वरच राहतं, अंकुर झटक्यात बाहेर. काळ्या भारीच्या वावरापेक्षा दोन दिवस आधी हिरवं दिसतं, आणि रस्त्यानं जाणारा म्हणतो, वा, काय उगवण आहे. 2023 चा ऑगस्ट आठवा. देशात 1901 पासून नोंद आहे, तेवढ्यात तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. पावसाच्या त्या खंडात मी एका बरडावरची पराटी, म्हणजे कापसाचं झाड, उपटून पाहिली होती. बोटभर मूळ, ते खाली मुरमाला टेकून आडवं वळलेलं. पानं दुपारी माना टाकायची आणि संध्याकाळीही उचलायची नाहीत. शंभर पावलांवर काळ्या मातीतली पराटी दुपारी तशीच मलूल दिसे, पण सकाळी ताठ. तिचंही मूळ पाहावं म्हणून हात घातला, पण ती उपटली गेलीच नाही. वरून दोन्ही झाडं सारख्या उंचीची होती.

म्हणून मला एका गोष्टीची फार चिंता वाटते. आपल्या गावांत काही जण सुवार्ता सांगताना म्हणतात, येशूला घे, तुझा आजार जाईल, कर्ज फिटेल, घरात सुख येईल. देव बरं करतो, मी स्वतः पाहिलं आहे, आणि मी त्यासाठी प्रार्थना करतो. पण ज्याला फक्त एवढंच सांगितलं, त्याला आपण बरडावर पेरलं. बोंडअळी आली, सोयाबीन पिवळं पडलं, लेकराचा ताप परत उलटला की तो म्हणतो, मंग कायले धरला हा देव? चूक त्याची नाही. संकट येईल हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. येशूनं मात्र आपल्या शिष्यांना ते आधीच सांगून ठेवलं होतं: जगात तुम्हाला क्लेश होतील, पण धीर धरा, मी जगाला जिंकलं आहे. योहानाच्या सोळाव्या अध्यायाची शेवटची ओवी आहे ती. नव्या विश्वासणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच ती पाठ करून द्यावी असं माझं मत आहे.

धीर धरणं म्हणजे डोळ्यात पाणी न आणणं, असंही कोणी समजू नये. स्तोत्रसंहितेत किती स्तोत्रं नुसती रडतात ते उघडून पाहा. "हे परमेश्वरा, कुठवर?" असं विचारणारा माणूस विश्वास सोडलेला नसतो, तो अजून देवाशीच बोलत असतो. हबक्कूक संदेष्ट्याच्या शेवटच्या अध्यायात तर शेतकऱ्याचं सगळं बुडालेलं आहे: अंजिराला फूल नाही, द्राक्षाला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत. एकही गोष्ट तो झाकत नाही. एकेक मोजतो आणि मग म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. हे "तरी" म्हणायला त्याला तीन अध्याय लागले. पीक बुडालेल्या माणसाच्या घरी जाऊन आपण पहिल्याच वाक्यात "तरी" म्हणू नये. आधी त्याच्याजवळ बसावं. त्याची झोप उडाली असेल, तो जिवावर उदार होऊन बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नये, डॉक्टरकडे न्यावं, सावकाराचा आणि बँकेचा कागद त्याच्याबरोबर वाचावा. "तुझा विश्वास कमी पडला" हे वाक्य तर मंडळीतून हद्दपार झालं पाहिजे.

आता अवघड प्रश्न. तारण झालेला माणूस परत हरवू शकतो का? यावर ख्रिस्ती लोकांत शेकडो वर्षं वाद आहे. हॉलंडमधल्या डॉर्ट गावी 1618-19 मध्ये मोठी सभा भरली. तिनं ठरवलं की देव ज्यांना खरोखर धरतो त्यांना तो शेवटपर्यंत टिकवतो. पुढच्या शतकात इंग्लंडात जॉन वेस्लीनं उलट शिकवलं: विश्वास सोडून देण्याची मोकळीक माणसाला आहे, म्हणून जागं राहा. मेथडिस्ट मंडळ्या वेस्लीच्या वळणाच्या. यवतमाळला 1953 पासून 1983 पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, नंतर ती पुण्याला गेली. तिथं वेगवेगळ्या मंडळ्यांची पोरं एका बाकावर शिकली. म्हणजे हे दोन्ही विचार आपल्या जिल्ह्यात शेजारी शेजारी नांदलेले आहेत. एका बाजूला येशूचं वचन आहे की माझ्या मेंढरांना माझ्या हातून कोणी हिसकावून घेणार नाही. दुसऱ्या बाजूला इब्री लोकांच्या पत्रातले कडक इशारे आहेत. मी तरी दोन्ही जसेच्या तसे घेतो. मन खचलेल्याला मी योहानाचा दहावा अध्याय वाचून दाखवतो, आणि बेफिकीर झालेल्याला इब्रीचा सहावा. औषध दोन्ही आहे. कोणाला कोणतं द्यायचं ते पाहून द्यावं लागतं.

पण गावात हा वाद पुस्तकासारखा येत नाही. तो दारूच्या रूपानं येतो. आमच्या मंडळीतल्या एका भावाची दारू सुटली होती. चौदा महिने त्यानं थेंब घेतला नाही. मग पोळा आला, आणि दुसऱ्या दिवशी कर. करीच्या दिवशी गावात काय असतं ते सांगायला नको. सोयरे आले, आग्रह झाला, तो पडला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. आम्ही कुजबुजलो, "त्याचं तारण खरं नव्हतंच", आणि तीन महिने आमच्यापैकी कोणी त्याच्या घरी गेलं नाही. त्यात मीही होतो. तो पडला ते एका संध्याकाळी. आम्ही त्याला तसंच पडू दिलं ते तीन महिने. देवापुढे मोठं पाप कोणतं, हे मला सांगायची गरज वाटत नाही.

मंडळीपुढे हा प्रश्न पूर्वीही आला होता. इसवी सन 250 मध्ये रोमचा बादशहा डेसियस यानं हुकूम काढला की प्रत्येकानं देवतांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. असे दाखले इजिप्तमध्ये सापडलेले आहेत. जिवाच्या भीतीनं पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ थांबला तेव्हा हे लोक रडत परत आले. काही जण म्हणाले, यांना दार बंद. कार्थेज शहराचा बिशप सिप्रियन म्हणाला, पाप हलकं समजू नका, पश्चात्ताप खरा असू द्या, वेळ लागू द्या, पण दार बंद करू नका. आठ वर्षांनी, 258 मध्ये, विश्वासासाठी त्याचं स्वतःचं डोकं उडवलं गेलं. म्हणजे परतीचं दार उघडं ठेवणारा माणूस लेचापेचा नव्हता.

आणि शास्त्रातच पाहा. फिलेमोनाच्या पत्राच्या शेवटी पौल आपल्या सहकाऱ्यांची नावं घेतो, त्यात मार्क आणि देमास दोघंही आहेत, एकाच ओळीत. यातला मार्क आधी एकदा पौलाला प्रवासात अर्ध्यावर सोडून घरी गेला होता. पुढच्या प्रवासात त्याला न्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांचं एवढं बिनसलं की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आता तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय उघडा. पौल तुरुंगात आहे, मरण समोर आहे. दहाव्या ओवीत तो लिहितो, देमासाला हे जग प्रिय वाटलं आणि तो मला सोडून गेला. अकराव्या ओवीत लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. पडलेला परत आला, उभा असलेला निघून गेला. दोन्ही लागोपाठच्या ओव्यांत. मार्क परत का येऊ शकला? बर्णबा त्याच्यासोबत राहिला म्हणून. बर्णबा नसता तर मार्काचं काय झालं असतं, हा विचार मी त्या भावाच्या घरी जाताना वाटभर करत होतो.

टिकून राहणं एकट्याचं काम नाही. इब्रीच्या दहाव्या अध्यायात एकत्र येणं सोडू नका असं सांगितलं आहे, आणि त्याच अध्यायात थोडं पुढे, छत्तिसाव्या ओवीत, तुम्हाला धीराची गरज आहे असं. दोन्ही एका अध्यायात असणं मला योगायोग वाटत नाही. पेटत्या चुलीतलं लाकूड बाजूला काढून ठेवलं की ते धुपतं आणि विझतं, हे रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला माहीत आहे.

रोजचं म्हणाल तर फार काही नाही. ज्यांना वाचता येतं त्यांनी रोज वाचावं. ज्यांना येत नाही त्यांनी मोबाइलवर ऐकावं आणि आठवड्याला एक ओवी पाठ करावी, निंदताना म्हणावी. प्रार्थना लांब नसली तरी चालते, पण चुकवू नये. पाप घडलं तर झाकू नये, त्याच दिवशी कबूल करावं.

पण बाराची नोंद फक्त प्रार्थनेच्या खोलीत होत नाही, आणि इथं आपण कच्चे पडतो. कापूस विकायला नेण्याआधी त्यावर पाणी मारून वजन वाढवणारा, आणि मग उपासनेत हात वर करणारा माणूस कोणता पेरा नोंदवतो आहे? याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हटलं आहे की तुमची शेतं कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आहे, आणि तो आवाज सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेला आहे. मजुरी ओरडते! त्याच अध्यायात दोन-तीन ओव्यांनी धीराची शिकवण येते आणि दाखला दिला आहे तो शेतकऱ्याचा, जो आगोटीच्या आणि वळवाच्या पावसाची वाट पाहतो. धीर आणि मजुरीचा हिशेब याकोबानं एकाच श्वासात सांगितला आहे. आपण धीराची ओवी भिंतीवर लावतो, मजुरीची लावत नाही.

आणि वेळ लागतो म्हणून निराश होऊ नये. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः मिळाला तो सुमारे आठ वर्षांनी. 1896-97 च्या दुष्काळात त्या आपल्या भागाकडे, तेव्हाच्या मध्य प्रांतात, आल्या आणि उपाशी मुलींना पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन गेल्या. मग हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, साध्या बाईला कळेल अशा मराठीत. कितीतरी वर्षं ते चाललं. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. बाईंनी काम खाली ठेवलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं.

हे सगळं मी त्या गुरुवारी मावशीला एका दमात सांगितलं असं नाही. सातबाऱ्याचं सांगितलं, याकोबाचा पाचवा अध्याय वाचला, तेवढ्यात लाइट गेली आणि सभा उठली.

पुढच्या गुरुवारी मावशी उशिरा आली. पदर ओला, पायाला चिखल. तिचं चार एकराचं वावर आहे. निंदणाला आलेल्या दोन बायांची दोन दिवसांची मजुरी पोळ्यापर्यंत थांबवून ठेवली होती, ती त्यांच्या घरी नेऊन दिली आणि तशीच इकडे आली. दाराजवळ, त्या करीवाल्या भावाच्या शेजारी, तिनं जागा करून घेतली आणि त्याला हळूच विचारलं, "कोणता अध्याय चालू हाय?"